शनिवारच्या वहीतलं पाच

धारूरकर सरांच्या क्लासला पोरं गणितासाठी यायची हे खरं, पण टिकायची ती सरांच्या जिभेसाठी. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पार्किंगची जागा विटांनी बंद करून केलेला लांबोळका हॉल. साठ पोरं, चार पंखे, त्यातले दोन फिरणारे. फळ्यापुढे वैजनाथ धारूरकर, वय पन्नाशीच्या घरात, पांढरा शर्ट, खडूने माखलेल्या बाह्या. एखाद्याने बावळट प्रश्न विचारला की सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि अगदी अदबीने म्हणायचे, "आपण हे घरून ठरवून आलात, की इथेच सुचलं?" झालं, सगळा हॉल हसून बेजार.

आता ही जीभ सरांना काही जन्मजात मिळालेली नव्हती. सर मूळचे अंबाजोगाईचे. सतराव्या वर्षी पुण्यात शिकायला आले आणि वसतिगृहातल्या पहिल्याच संध्याकाळी समोरच्या मुलाला आपल्या गावच्या बोलीत "काय करायलाव?" असं विचारून बसले. अख्खी खोली हसली. पुढे वर्षभर पोरं त्यांना त्याच नावाने हाक मारत होती. सरांनी तेव्हाच खूणगाठ बांधली, की पुन्हा आपल्यावर कुणी हसायचं नाही. हसायचंच असेल तर आपण बोट दाखवू त्याच्यावर हसायचं. पाच-सहा वर्षांत त्यांची भाषा अशी काही घासूनपुसून निघाली, की सदाशिव पेठेतला दुकानदारही त्यांच्याशी जपून बोलायला लागला.

क्लासची आणखी एक खासियत होती, ती म्हणजे शनिवारची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तसली लांब वही. आठवडाभरात पोरांनी दिलेली अचाट उत्तरं सर त्यात टिपून ठेवायचे. नाव, उत्तर, आणि पुढे सरांचा शेरा. शनिवारी शेवटची दहा मिनिटं सर ती मोठ्याने वाचायचे. ज्याचं नाव निघायचं त्याला उभं राहावं लागायचं. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला? पालकसुद्धा कौतुकाने विचारायचे, "काय सर, आमच्या चिरंजीवांचं नाव आलं की नाही वहीत?"

२००५ चा एप्रिल महिना होता. बारावीची परीक्षा उरकली होती, सीईटी तीन आठवड्यांवर आली होती. हिंजवडीला रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला नाही तर पोरगं वाया गेलं, अशी घरोघरी ठाम समजूत झाली होती. फॉर्म भरताना पोरं गोंधळ घालतात म्हणून सर क्लास सुटल्यावर बसून त्यांचे फॉर्म तपासून द्यायचे. हे मात्र ते मनापासून करायचे, त्यात चेष्टा नाही की टोमणा नाही. दीक्षा ओव्हाळ नावाची मुलगी मार्चमध्ये अशीच सगळे गेल्यावर आली होती. जातीच्या दाखल्याचा नंबर कुठल्या रकान्यात लिहायचा, एवढंच तिने हळू आवाजात विचारलं. सरांनी दाखवलं. ती "थँक्यू सर" म्हणून गेली.

ती बोलायची कमी. मागून तिसऱ्या बाकावर बसायची, बोपोडीहून दोन बस बदलून यायची आणि तरी कधी उशीर करायची नाही. पण तो मंगळवार उजाडला आणि नेमकी ती बोलली.

फळ्यावर दोन फंक्शनं होती. पहिलं एफ, दोन तुकड्यांचं. त्याला तीनपेक्षा लहान आकडा दिला तर ते त्यात दोन मिळवतं. तीन किंवा तीनपेक्षा मोठा दिला तर तो आकडा दहातून वजा करतं. म्हणजे खालून तीनच्या जवळ गेलं तर उत्तर पाचकडे सरकतं, वरून जवळ आलं तर सातकडे. दुसरं होतं जी. एक्समधून एक वजा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि तो वर्ग तीनातून वजा करायचा. आधी जी चालवायचं, त्याचं उत्तर एफला द्यायचं, आणि एक्स एकच्या जवळ जाताना शेवटचं उत्तर कुठे जातं, म्हणजे लिमिट काय, ते सांगायचं.

"एक्स गेला एककडे," सर म्हणाले, "जी गेलं तीनकडे. तीनपाशी एफची डावी लिमिट पाच, उजवी सात. नवरा म्हणतो पाच, बायको म्हणते सात. संसार होत नाही. लिमिट नाही. पुढे." आणि त्यांनी लाल खडूने उत्तराभोवती चौकट ओढली. अकरा वर्षं हेच गणित, हाच विनोद, हीच चौकट. लाल चौकट पडली की ते उत्तर पोरांनी वहीत उतरवायचं, असा क्लासचा शिरस्ता होता.

मागून हात वर आला. "सर, पण जी तीनच्या वर कधी जातच नाही."

"म्हणजे?"

दीक्षा उभी राहिली. "वर्ग वजा होतोय ना, सर. एक्स एकच्या अलीकडून येवो की पलीकडून, जी तीनच्या खालीच राहतं. मग एफची उजवी बाजू लागतेच कुठे? दोन्हीकडून पाचच येणार. लिमिट आहे, सर. पाच."

किती नीट सांगितलं होतं पोरीने! पण सरांनी ते ऐकलंच नाही. त्यांना एवढंच दिसलं, की आपल्या लाल चौकटीला कुणीतरी हात घालतंय आणि साठ माना आपल्याकडे वळल्या आहेत. अंबाजोगाईचं पोरगं आत कुठेतरी दचकलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो बाई," ते म्हणाले, "आपल्याला उत्तराची एवढी काळजी कशाला? आपली सीट तर सरकारने राखून ठेवलीय. पाच लिहा, सात लिहा, प्रवेश पक्का!"

मग पहिल्या बाकावरचा अभय मोरे हसला. अभय म्हणजे सरांचा हुकमाचा एक्का, कॉम्प्युटरला जाणार म्हणून सर भेटेल त्या पालकाला ज्याचं नाव सांगायचे तो. तो हसला तसे सगळे हसले. सरांनी टेबलावरची वही ओढली आणि तिथल्या तिथे लिहिलं, 'दीक्षा ओव्हाळ. उत्तर पाच. शेरा: प्रवेश पक्का.' दीक्षा खाली बसली. तिने पेनाचं टोपण लावलं आणि तास संपेपर्यंत काढलं नाही.

बुधवारी दुपारी सर बुधवार पेठेत गेले. क्लासच्या नोट्स यंदा टाइप करून छापायच्या होत्या. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका माडीवर नागोराव नावाचे गृहस्थ ते काम करायचे. नांदेडकडचे, पुण्यात तीस वर्षं काढून बोलणं तिकडचंच ठेवलेले. नेमकं तेच गणित पडद्यावर होतं.

"सर, हितं खाली जागा रिकामी दिसायलीय," नागोराव म्हणाले. "एखादा आकड्यांचा तक्ता टाकायचा का? पोरांना पटंल."

"टाकू की," म्हणत सरांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. डावीकडून पाच, उजवीकडून सात, असा झकास तक्ता होईल, आणि त्या पोरीचंही तोंड बंद होईल. एक्स घेतला शून्य पूर्णांक नऊ. जी आलं दोन पूर्णांक नव्व्याण्णव. एफ आलं चार पूर्णांक नव्व्याण्णव. बरं. आता पलीकडून, एक पूर्णांक एक. जी पुन्हा दोन पूर्णांक नव्व्याण्णव. एफ पुन्हा चार पूर्णांक नव्व्याण्णव. सरांनी बटणं चुकली म्हणून परत दाबली. एकच्या आणखी जवळचे आकडे घेतले. दोन्ही बाजूंनी पाच, पाच, पाच. सात मिळत होते ते फक्त एक्स बरोब्बर एक ठेवला तर. आणि लिमिटला त्या एका ठिकाणाशी काही देणंघेणं नसतं, हे सर स्वतःच दरवर्षी घसा फोडून सांगत आले होते.

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षं! दरवर्षी साठ पोरं!

"मग सर, उत्तर बदलू का?" नागोरावांनी विचारलं. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा कळत होता.

"राहू द्या तसंच," सर म्हणाले. "तक्ता नको."

जिना उतरताना त्यांना स्वतःची शिसारी आली. चूक दिसली, हातात होती, एका बटणाने सुधारली असती, आणि आपण म्हणालो राहू द्या! चौकात पुस्तकवाल्यांची नेहमीची गर्दी होती. त्या गर्दीत उभे असताना सरांना दुसरी गोष्ट आठवली आणि पहिली फारच किरकोळ वाटू लागली. गणित चुकलं ते घाईवर ढकलता आलं असतं. ते वाक्य कशावर ढकलणार? पोरगी विश्वासाने फॉर्म घेऊन आली होती. एकटी, सगळे गेल्यावर आली होती, आणि का ते न कळण्याइतके आपण दूधखुळे नव्हतो. तिने खासगीत दाखवलेली गोष्ट आपण साठ जणांपुढे फेकली, तीही आपलं उत्तर वाचवायला. आणि उत्तर तर तिचंच बरोबर होतं.

गुरुवारी दीक्षा आली नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. सीईटीला अठरा दिवस उरले होते आणि पोरगी घरी बसली होती, ती आपल्यामुळे. दुपारी त्यांनी नोंदवहीतून पत्ता काढला, स्कूटरला किक मारली आणि बोपोडी गाठली.

दोन खोल्यांचं घर. दारातच दीक्षाचे वडील भेटले, पोपटराव ओव्हाळ, खडकीच्या कारखान्यात टर्नर, पहिल्या पाळीतून नुकतेच आलेले. सरांनी नाव सांगताच ते गडबडून गेले. खुर्चीवरचे कपडे काढ, पंखा सरांकडे वळव, आत बायकोला हाक मार. "जया, अगं सर आलेत! दीक्षाचे सर! आपण इतक्या लांब कशाला तसदी घेतलीत, सर? निरोप धाडला असता तर मी आलो असतो."

सर शिव्या खायची तयारी करून आले होते. या स्वागताला काय करायचं ते त्यांना कळेना. भिंतीशी एक टेबल होतं, पेटीच्या फळ्या जोडून घरीच केलेलं, त्यावर क्लासच्या वह्या ओळीने लावलेल्या.

"दोन दिवस दीक्षा..." सरांनी सुरुवात केली.

"घरीच करते म्हणाली. परीक्षा जवळ आलीय ना." पोपटराव समोर बसले, आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला. "सर, मंगळवारी तिचं उत्तर तुम्ही तुमच्या वहीत लिहून घेतलंत म्हणे! मी विचारलं, आज काय झालं गं क्लासात, तर म्हणाली, सरांनी माझं उत्तर वहीत लिहून घेतलं. साठ पोरांत एकटीचं! मी कारखान्यात पेढे वाटले, सर. खोटं नाही सांगत."

सरांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात दीक्षा चहाचा कप घेऊन उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. खरं ते तिने घरी सांगितलं नव्हतं, आणि खोटंही एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"काय लिहिलंत हो, सर?" पोपटरावांनी विचारलं. "म्हणजे शेरा काय दिलात?"

आता बोलायचं होतं. ज्या माणसाला साठ पोरांपुढे शब्द कधी कमी पडले नाहीत, त्याने टेबलावरच्या वह्यांच्या ओळीकडे नजर वळवली.

"लिहिलं, की... उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले.

पोपटरावांनी हात जोडले. दीक्षाने पुढे केलेला कप रिकामा केल्याशिवाय सरांना उठता येईना. घोट घोट करून त्यांनी तो संपवला. एवढी लाज त्यांना अख्ख्या आयुष्यात वाटली नव्हती.

स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली होती. वडिलांनी सांगितलं म्हणून दीक्षा सोडायला आली. निम्म्या वाटेत सर थांबले.

"तुझं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "मी करून पाहिलं. माझं अकरा वर्षं चुकत होतं."

"माहितीये, सर. मला मंगळवारीच माहिती होतं."

"मग यायचं का बंद केलंस?"

तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "गणितासाठी मी क्लास सोडेन का, सर?"

सरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते पुटपुटले. "तसं बोलायला नको होतं."

"इथे गल्लीत मला एकटीला सांगून काय उपयोग? बोललात तेव्हा साठ जण होते."

"काय करू, सांग."

"उद्या शनिवार आहे. वही वाचाल ना? नेहमीसारखी वाचा. नावासकट, शेऱ्यासकट."

"तुझं नाव पुन्हा..."

"माझं नाही, सर. तुमचं," दीक्षा म्हणाली आणि परत फिरली.

शनिवारी हॉल भरला होता. दीक्षा आली, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, दप्तर खांद्याला तसंच ठेवून. सरांनी तास कसाबसा घेतला. दहा मिनिटं उरली तशी वही काढली. पोरं सरसावून बसली.

"आज एकच नोंद आहे," सर म्हणाले. "वैजनाथ धारूरकर. ज्याचं नाव निघतं तो उभा राहतो. मी उभाच आहे. उत्तर: लिमिट नाही. खरं उत्तर: पाच." त्यांनी फळ्यावर तक्ता मांडला, जी तीनच्या खालीच कसं राहतं ते दाखवलं. "तर नवरा-बायकोचं भांडण होतं हे खरं, पण बायको त्या घरात राहतच नव्हती. अकरा वर्षं मी उगाच त्यांचा घटस्फोट करत होतो."

हॉल खदखदून हसला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. चूक कबूल करणारा मास्तर! पोरांच्या डोळ्यांत कौतुक होतं. सरांना बरं वाटलं. काय सांगावं, खरंच बरं वाटलं! इथेच वही मिटली असती तर तो दिवस सरांच्या मोठेपणाचा म्हणून पोरांनी वर्षानुवर्षं सांगितला असता. त्यांचा हात पुठ्ठ्यावर गेलासुद्धा.

शेवटच्या बाकावर दीक्षाने टाळी वाजवली नव्हती. तिने दप्तराचा पट्टा हातात धरला होता आणि ती उठायच्या बेतात होती.

"थांबा," सर म्हणाले. "नोंद संपली नाही. शेरा राहिलाय." त्यांनी वही डोळ्यांसमोर धरली, खरं तर पोरं दिसू नयेत म्हणून. "मंगळवारी ज्या मुलीने मला बरोबर उत्तर दिलं, तिला मी म्हणालो, आपल्याला उत्तराची काळजी कशाला, आपली सीट सरकारने राखून ठेवलीय. हे मी माझी चूक झाकायला म्हणालो. तिने मला विश्वासाने दाखवलेला फॉर्म मी तिच्यावर उगारला. हे गणित नाही. हा नीचपणा आहे, आणि तो माझ्या नावावर आहे. काल तिच्या वडिलांच्या तोंडावरही मी खरं बोललो नाही. दीक्षा, मी तुझी माफी मागतो."

कुणी हसलं नाही. टाळ्या तर नाहीतच. सरांनी वही खाली घेतली, आणि तेव्हा त्यांना दिसलं, की हॉलमध्ये पाच-सात माना खाली आहेत. डाव्या रांगेत एक, खिडकीशी दोघी, मध्ये दोन-तीन. त्या मंगळवारीही खालीच गेल्या असतील. सरांनी त्या दिवशी तिकडे पाहिलंच नव्हतं. आपण एकाच मुलीला बोललो, अशा समजुतीत ते चार दिवस तळमळत होते.

पहिल्या बाकावर अभय मोरे उभा राहिला.

"सर, मंगळवारी सगळ्यांत आधी मी हसलो होतो."

"अरे, ती चूक माझी..."

"तसं नाही, सर." त्याचे कान लाल झाले होते. "मी फॉर्म तुमच्याकडे तपासायला आणला नाही. बाहेरून भरून घेतला. माझ्याही फॉर्मवर जातीच्या दाखल्याचा नंबर आहे. मी नसतो हसलो तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं." तो एवढं बोलला आणि खाली बसला.

ज्याचं नाव आपण पालकांपुढे मिरवलं, त्याला आपल्याच वर्गात लपायला हसावं लागलं. वसतिगृहातली ती खोली त्यांना आठवली. पहिल्या दिवशी सगळे हसले तेव्हा तेही हसले होते, सगळ्यांत मोठ्याने.

मागच्या बाकावर दप्तर खाली ठेवल्याचा आवाज झाला. दीक्षाने वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"सर," ती म्हणाली, "अजून तीन-चार मिनिटं आहेत. पुढचं गणित घ्या."

सरांनी खडू उचलला. गणित लिहिलं, सोडवलं, उत्तर आलं. लाल खडू हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"बघा रे," ते वर्गाकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे का?"